देवळापुढची मावशी

माझ्या नवऱ्याला आमच्या भागात बहुतेक लोक मावशी म्हणत. एसटीचा कंडक्टर म्हणायचा, "मावशी, जरा पुढं सरका," आणि एक उंच, हाडापेराने मोठा, भरघोस मिशांचा माणूस मुकाट्याने पुढे सरकायचा. गाडीत कुणी परगावचं असलं तर ते दचकून बघायचं. मग हे त्याला म्हणायचे, "पावणं, घाबरू नका. रोजचंच हाय."

ते तमाशात होते. तमाशाचा खेळ गणाने सुरू होतो, म्हणजे देवाला वंदन करून. मग गौळण येते. गवळणी दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात आणि कृष्ण व त्याचा सवंगडी पेंद्या त्यांची वाट अडवतात. या गवळणींची म्होरकी म्हणजे मावशी. ती वयस्क असते, फटकळ असते, आणि ती पुरुषच करतो. मावशी आणि पेंद्या यांच्यात जी बोलाचाली, म्हणजे बतावणी, होते ती कुठे लिहिलेली नसते. दर खेळाला ती नव्याने होते, त्या गावावर, त्या दिवसावर, समोर बसलेल्या माणसांवर. मावशीला गावं लागतं, नाचावं लागतं, आणि पेंद्याचं वाक्य संपायच्या आत त्याला गप्प करावं लागतं. माझ्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं या एका बाईवर घालवली.

मिशी त्यांनी कधी काढली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मिशी पाह्यली की लोक आधी हसत्यात, आन् मग इसरत्यात. न्हाई इसरले तर समजायचं, आपलं काम कच्चं हाय."

गेल्या थंडीत ते गेले. मी हे सावकाश लिहिते आहे. जन्मभर मुलांना निबंध लिहायला शिकवलं, घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत, तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले की चार ओळींवर थांबते. त्यांनी जे केलं ते डोळ्यांसमोर घडून जायचं आणि हातात काहीच उरायचं नाही. असं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

मी मंचरची. वडील कचेरीत नोकरीला होते, घरात वाचनाचं वेड होतं, आणि तमाशा हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्याने उच्चारत नसे. माझी पहिली नेमणूक बोरी बुद्रुकला झाली. जत्रेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून बरोबरीच्या शिक्षिकांबरोबर सकाळी देवळात गेले, तर देवळापुढे हजेरी चालली होती.

हजेरी आमच्या भागातली रीत आहे. आदल्या रात्री तंबूत खेळ होतो, आणि सकाळी तेच कलाकार देवळासमोर येऊन देवापुढे थोडा वेळ गातात, नाचतात, बतावणी करतात. तोंडाला रंग नसतो, दिवे नसतात, पडदा नसतो. लख्ख उन्हात, धुळीत, शेतातून आलेल्या आणि हातात नारळ धरलेल्या माणसांच्या मधोमध उभं राहायचं. फडातली माणसं म्हणतात, रात्रीची कला लोकांची, सकाळची देवाची. आणि असंही म्हणतात की ज्याची हजेरी चुकली त्याचा फड सुटला.

त्या सकाळी एक पायजमा-सदरा घातलेला तरुण माणूस बाजूला उभा राहून चहा पीत होता. त्याची वेळ आली तशी त्याने कपबशी खाली ठेवली, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, आणि चालू लागला. एवढंच केलं त्याने. पण पहिल्या दोन पावलांतच तो माणूस तिथे नव्हता. मान थोडी मागे गेली, वजन टाचांवर आलं, कंबर एका बाजूला कलली, आणि डोंगर उतरून आलेली, पाय दुखत असलेली, तरी कुणाला ते सांगणार नाही अशी एक बाई त्या गर्दीतून वाट काढत पुढे आली. माझ्या अंगावर काटा आला. वर ऊन, खाली धूळ, मिशी दिसते आहे, सदऱ्याची बटणं दिसताहेत, आणि तरी बाई.

पेंद्याने इकडेतिकडे बघून मला हेरलं. मी चष्मा लावलेली, नवखी, ओठ मिटून उभी.

"मावशे, त्या बाई हसत न्हाईत गं."

"हसत्यात रं येड्या," मावशी म्हणाली. "आतून हसत्यात. शिकल्याली मान्सं आतून हसत्यात, म्हंजी दात झिजत न्हाईत."

मी बाहेरून हसले. चांगली मोठ्याने हसले. पुढे दोन्ही घरांत पुष्कळ बोलणी झाली, पुष्कळ अबोला झाला, आणि आमचं लग्न झालं. त्या दिवसापासून त्यांनी मला बाई हीच हाक ठेवली.

त्यांचं मूळ घर घाटघरच्या बाजूला, डोंगरात. भात आणि नाचणीची शेती. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा सासूबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतारावरून येत होत्या. मी अंगणात उभी राहून बघतच राहिले. मान मागे, वजन टाचांवर, कंबर कललेली. बोरीच्या देवळापुढे मी हिलाच पाहिलं होतं.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही आईंचं चालणं घेतलंत."

"घेतलं की."

"त्यांना विचारून?"

"चालायला कुनी इचारतं व्हय, बाई?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या वळूनही न बघता म्हणाल्या, "घेतलं तर घेतलं. माजे गुडघे पन घे म्हनावं."

मग मला ते सगळीकडे दिसायला लागलं. मावशी भाव सांगताना बोटं पसरायची, ती नारायणगावच्या टोमॅटो बाजारातल्या एका बाईची होती. मावशी खोटं बोलायच्या आधी नाकातली चमकी चाचपायची, ती आमच्या शेजारणीची. घोडेगावच्या आठवडी बाजारात हे एकदा एका सुकट विकणारीसमोर इतका वेळ उभे राहिले की ती म्हणाली, "भाऊ, घ्यायचं आसंल तर घ्या, न्हाई तर सावली तरी बाजूला न्या." पुढच्या हंगामात मावशी तेच वाक्य कृष्णाला ऐकवत होती. ज्या बायांकडून त्यांनी घेतलं त्या समोर बसून हसत असायच्या, आणि आपण आपल्यावरच हसतोय हे त्यांना कधी कळलं नाही. त्यात टर नसायची, म्हणून कळायचं नाही.

माझी बदली पिंपळवंडीजवळ झाली आणि आम्ही तिथेच घर केलं. नारायणगाव जवळ, तिथे चैत्रात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला येतात. दसरा उलटला की हे फडाबरोबर निघायचे ते वैशाख संपता संपता परतायचे. मी शाळा, घर आणि मुलगी सांभाळायची. ते परत आले की पहिले एक-दोन दिवस माझा राग असायचा. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. मी भांडत नाही, गप्प होते. वर्गातही माझं तसंच होतं. छडी कधी हातात घेतली नाही. फार झालं की चष्मा काढायचा, पदराच्या टोकाने पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा डोळ्यांवर ठेवायचा, आणि ज्याच्यावर राग त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहायचं. वर्ग आपोआप गार पडायचा.

घरी हे समोर खाटेवर बसायचे. "बाई, निकाल कधी लागनार?" मी चष्मा पुसायची. "नापास झालोय का ग्रेस मिळंल?" मी भिंतीकडे बघायची. मग तेही गप्प बसायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. माझा राग उतरायची वाट बघताहेत, असं मी समजत होते.

शेवटच्या काही वर्षांत रात्रीचा खेळ बदलला. मोठा ट्रक, भोंगे, लाईट, सिनेमातली गाणी. गौळण सुरू झाली की मागून पोरं शिट्ट्या मारायची, "मावशी, बास आता, गाणं लावा." मावशी दोन वाक्यं बोलून विंगेत जायची. हे तक्रार करत नसत. म्हणायचे, "सकाळी हाय की आपलं." हजेरीला म्हातारीकोतारी माणसं यायची, बायाबापड्या यायच्या, नैवेद्य दाखवून सावलीला टेकायच्या. तिथे अजून मावशीला पुरता वेळ मिळायचा.

मग तो आजार आला. पावसाळ्याचे दिवस होते, हे घरीच होते. सकाळी चहा घेताना उजव्या हातातून कप निसटला. ते कपाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. काहीतरी बोलायला गेले आणि नुसता आवाज आला. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. जीव वाचला. घरी आले तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजवा हात नुसता लोंबत होता, आणि सगळ्या बोलण्यातून एकच शब्द उरला होता, "बरं."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. त्यांना ऐकू येतं, कळतंही सगळं. शब्द मात्र सापडत नाहीत. भूक लागली की बरं. दुखतंय, तरी बरं. मुलीचा पुण्याहून फोन आला की बरं, बरं, बरं, आणि डोळ्यांत पाणी.

मी शाळेतले चित्रांचे तक्ते आणले. गाय, घर, तांब्या. पहिलीच्या कितीतरी मुलांना मी त्यावर बोलतं केलं होतं. ते माझ्यासाठी म्हणून रोज समोर बसायचे. मी गाईवर बोट ठेवायची, त्यांचे ओठ हलायचे, डोळे कुठेतरी खोल जाऊन धुंडाळायला लागायचे, आणि थोड्या वेळाने रिकामे परत यायचे. "बरं," ते म्हणायचे. एक दिवस त्यांनी डाव्या हाताने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तक्त्यावर पांघरला, अगदी हळुवार, झोपलेल्या पोरावर घालावा तसा. मी तक्ता उचलून ठेवला.

याहून वाईट दुसरंच काहीतरी होतं. भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलायची. त्यांच्यासमोर मलाच विचारायची, "जेवत्यात का? झोपत्यात का?" चौकातला चहावाला, ज्याने जन्मात त्यांना दुसरी हाक मारली नव्हती, तो खुर्ची पुसून म्हणाला, "बाबा, बसा सावकाश." बाबा. घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजारी पडल्यापासून कुणीही त्यांना मावशी म्हटलेलं नाही. लोकांनी ते दयेपोटीच सोडलं होतं. आजारी माणसाची थट्टा कशी करायची?

एकच माणूस म्हणत होता. त्यांचा पेंद्या. कितीतरी वर्षांचा जोडीदार, बुटका, किडकिडीत, पान खाऊन दात लाल झालेला. तो चैत्रात एक दिवस दुपारी आला, ओट्यावर बसला, मी दिलेल्या शेंगा फोडत बसला. आमच्या गावच्या जत्रेची सुपारी त्यांच्याच फडाने घेतली होती.

"मावशे, उनात बसू नको, काळी पडशील," तो यांना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "वैनी, हजेरीला मावशी लागतीया."

"त्यांना बोलता येत नाही."

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय. हुबी ऱ्हाईल. आपल्या गावची हजेरी हाय. चुकली तर फड सुटला म्हनत्यात."

"लोक हसतील."

"हसायलाच तर बोलावतोय, वैनी."

"यांना हसतील," मी म्हटलं. "नाहीतर रडतील. मावशीला कोण हसणार आहे?"

तो शेंगांची टरफलं गोळा करत राहिला. मग म्हणाला, "त्ये मला सांगता येत न्हाई. मावशीला हसले तर मावशी जित्ती हाय. आजारी मान्साला हसले, नाय तर त्याची कीव क्येली, तर ती गेली. उनात हुबं ऱ्हायल्याबिगर ठरायचं न्हाई."

"तालीम तरी कराल का? काय करणार आहात?"

"बतावनीची तालीम क्येली की ती मरती. काय करनार, ते मला आज कसं ठावं आसंल?"

मी नवऱ्याकडे बघितलं. ते उठले होते. भिंतीचा आधार घेत खुंटीपाशी गेले, टॉवेल काढला आणि खांद्यावर टाकला.

"बरं," ते म्हणाले.

जत्रेच्या रात्री आम्ही खेळाला गेलो नाही. उसात बिबट्या दिसल्याची बातमी होती, आणि मला त्यांना दमवायचं नव्हतं. सकाळी रिक्षाने देवळाशी गेलो. ऊन चढलं होतं. फडातल्या पोरी बिनरंगाच्या चेहऱ्यांनी, जांभया देत, नऊवारी नेसून पायऱ्यांवर बसल्या होत्या. ढोलकीवाला ढोलकी उन्हात तापवत होता. सगळ्यांनी वाकून यांचे पाय शिवले. मग पेंद्या त्यांना हाताला धरून साउंडच्या गाडीमागे घेऊन गेला, आणि मी देवळाच्या खांबापाशी उभी राहिले.

गण झाला. गवळणी रांगेत आल्या, गौळण म्हणत फिरल्या. आणि मग गाडीमागून मावशी आली.

टॉवेल डोक्यावर होता. पण पाय ओढत होता. मान मागे जायची ती गेली, कंबर कलायची ती कलली, आणि उजवा पाय धुळीत एक रेघ ओढत मागून आला. गर्दीतला आवाज एकदम बसला. "आरारा," कुणीतरी म्हणालं, "काय झालं गड्याचं." दुसरा हळूच म्हणाला, "पॅरालिसिस." बायांमधून चुकचुकण्याचा आवाज आला. ज्यांनी फोन वर धरले होते त्यांनी ते खाली केले. माणसं जमिनीकडे बघायला लागली. मला वाटलं, पुढे जावं आणि त्यांना घरी घेऊन यावं.

"मावशे," पेंद्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाला, "कुनीकडं निघाली?"

ओठ हलले. ढोलकीवाल्याने एक थाप दिली आणि थांबला.

"मावशे, इचारतोय मी. डोक्यावर काय हाय?"

मला त्यांचे डोळे दिसत होते. तक्त्यासमोर व्हायचे तसेच ते खोल गेले होते, धुंडाळत होते. किती वेळ गेला कोण जाणे. देवळातली घंटासुद्धा कुणी वाजवत नव्हतं.

आणि मग त्यांनी धुंडाळणं सोडून दिलं. मी ते घडताना पाहिलं. डोळे परत आले, पण रिकामे नव्हते. त्यांनी मान किंचित वाकडी केली. डावा हात चेहऱ्याशी नेला आणि तिथे नसलेला एक चष्मा काढला. टॉवेलचं टोक घेऊन तो पुसला, एक काच, मग दुसरी काच, घाई न करता. मग तो उन्हाकडे धरला, एक डोळा मिटून त्यातून बघितलं, एक डाग राहिला होता तो फुंकर मारून पुन्हा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पेंद्याच्या डोक्यावरून पलीकडे देवळाच्या कळसाकडे बघायला लागले. पेंद्या नावाचं कुणी या जगात जन्मलंच नाही, असं.

मग मागून, पाराच्या बाजूने, एक बाप्या ओरडला, "आरं, ही तर आपल्या शाळंच्या बाई!"

अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलं होतं. ते चष्मा पुसणं, ते डोक्यावरून बघणं, त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी सोसलं होतं. हसू पाराकडून उठलं आणि बायांपर्यंत पोचलं, आणि फोन पुन्हा वर झाले. माझे कान तापले. कितीतरी माणसं वळून मला बघत होती. मी खांबाच्या आड सरकले.

पेंद्याला एवढंच हवं होतं. "बोलत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "रुसलीस? काय क्येलं म्या? घरचा आभ्यास न्हाई क्येला?"

मावशी कळसाकडे बघत होती.

"पाडे पाठ न्हाई केले? बरं, म्हनून दाखवतो. बे एके बे, बे दुने... ए किसना, बे दुने किती रं?"

मावशीने चष्मा पुन्हा काढला. पेंद्या दोन हात मागे उडाला. "आता गं बया. पुन्यांदा पुसाया लागली."

"बोलू नको गं मावशे," बायांमधून एक म्हातारी म्हणाली. "लई जळवलंय त्यानं."

"आज्याबात बोलू नको," दुसरी म्हणाली.

मी ते ऐकलं आणि खांब घट्ट धरला. ज्या माणसाच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून मी महिनोन्महिने गाय आणि तांब्या दाखवत बसले होते, त्याला सगळा गाव सांगत होता की बोलू नकोस. आणि तो बोलत नव्हता, दिमाखात बोलत नव्हता. पेंद्याने कान धरून उठाबशा काढल्या. कृष्ण मध्यस्थीला आला, त्याच्याही डोक्यावरून मावशीने बघितलं. गवळणींनी हनुवटी धरली. काही उपयोग झाला नाही.

पेंद्या शेवटी जवळ गेला आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बोट केलं. तो हात लोंबत होता. मला वाटलं, हे नको होतं.

"हातात काय दडवलंय? छडी?"

"बाईंनी कदी छडी घेतली न्हाई!" पाराकडून आवाज आला.

मावशीने खाली आपल्या हाताकडे बघितलं. सावकाश टॉवेलचं टोक ओढून तो झाकला, आणि झाकता झाकता पेंद्याकडे असा एक कटाक्ष टाकला की तो पाठीला पाय लावून देवळाच्या पायरीपर्यंत पळाला. निर्जीव हातसुद्धा त्यांनी कामाला लावला होता. ढोलकीवाला हसता हसता ठेका चुकला.

पेंद्या रांगत परत आला. धुळीत डोकं टेकून म्हणाला, "मावशे, चुकलं. पुन्यांदा वाट आडवायचा न्हाई. आता तरी बोल. येक शबूद बोल."

मावशीने चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला, आणि पहिल्यांदाच मान खाली करून पेंद्याकडे बघितलं. बघत राहिली. मग म्हणाली,

"बरं."

तो शब्द दिवसातून शंभरदा त्यांच्या तोंडून निघायचा, थांबवता यायचा नाही. त्या सकाळी त्यांनी तो धरून ठेवला होता. देवळापुढच्या त्या ओळखीच्या माणसांच्या भर गर्दीत, त्याची जागा येईपर्यंत. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी नारळ फोडला, ढोलकी सुरू झाली. मी बघत होते, पण मला नीट दिसत नव्हतं.

परत येताना चौकात रिक्षा थांबवून चहावाला दोन कप घेऊन आला. "मावशी, च्या घ्या," तो म्हणाला. "आन् बाई, तुमीबी घ्या. आमच्यावर रागवू नका."

घरी आल्यावर ते खाटेवर बसले. फार दमले होते. मी भाकरी कुस्करून दुधात दिली आणि समोर बसले.

"कधीपासून उचललं होतंत ते माझ्याकडून?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात चेहऱ्याशी नेला, चष्मा काढला, पुसला, आणि उजेडाकडे धरून माझ्याकडे बघायला लागले. मग हसले. आजारानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. माझा राग उतरायची वाट बघत समोर गप्प बसलेला तो माणूस मला आठवला. तो वाट बघत नव्हता. तो शिकत होता.

त्यानंतर पुढच्या थंडीपर्यंत ते होते, आणि त्या सगळ्या काळात ते मावशी होते.

यंदा जत्रेला मी एकटी गेले. हजेरीला पेंद्या होता, आता थोडा वाकलेला. मावशी नवी होती. आंबेगावकडचा एक तरुण माणूस, दाढी-मिशी गुळगुळीत केलेला, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. यांना तो कधी भेटला नव्हता. आवाज चांगला, चाल जरा घाईची. अडखळत होता. मध्येच पेंद्याने त्याला काहीतरी टोमणा मारला आणि त्याला उत्तर सुचलं नाही. तेव्हा त्याने मान वाकडी केली, डोळ्यांवरचा नसलेला चष्मा काढला आणि टॉवेलच्या टोकाने पुसायला लागला. एक काच, मग दुसरी काच.

त्याने ते फोनवर पाहिलं असणार. त्या दिवशीचं चित्रण पुष्कळ फिरलं होतं. मला नंतर पेंद्याने सांगितलं की आता दुसऱ्या फडांतल्या मावश्याही असंच रुसतात, पार घोडेगावापर्यंत. "आता त्ये काडून टाकायचं म्हनलं तरी निघायचं न्हाई, वैनी," तो म्हणाला.

हजेरीत माझ्या शेजारी परगावची एक बाई बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं. "आमच्या सासूबाई आश्शाच रुसत्यात बघा," ती हसत म्हणाली. "डिट्टो."

माझ्या चष्म्यावर धूळ बसली होती. पुसायला पदराचं टोक हातात घेतलं, आणि तसंच सोडून दिलं. समोर मावशी पुसत होती, आणि लोक तिला हसत होते.